निळ्या छत्रीची खंडेनवमी

सांगायचं नव्हतं खरं तर. दोन नवरात्रं ही गोष्ट मी पोटात ठेवली. पण परवा हळदीकुंकवाला माझ्या धाकट्या जावेनं ती अर्धी सांगून टाकली, तीही स्वतःचा भाग वगळून. तेव्हा म्हटलं, आपली फजिती आपणच सांगितलेली बरी, निदान पूर्ण तरी सांगितली जाईल. चहा घ्या, बिस्किट बुडवा आणि हसू आलं तर खुशाल हसा. मी रागावत नाही. रागावण्याचा अधिकार मी त्या सकाळीच घालवून बसले.

आम्ही चऱ्होलीला राहतो, सातव्या मजल्यावर. वर फक्त गच्ची आणि आकाश. आमचे हे चाकणला कंपनीत मेंटेनन्स खात्यात. आणि घरात आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही दोघी जावा आत्या म्हणतो, त्यांच्या गावाकडची तशीच रीत आहे.

आत्यांचं एक व्रत. नवरात्रात घट बसले की रोज सकाळी नऊला देवीची पोथी वाचायची, नऊ माळांत संपवायची. लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष खंड नाही. बाळंतपणात नाही, गुडघ्याच्या ऑपरेशनात नाही. पण त्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. आतला पडदाच खराब झाला, डॉक्टर म्हणाले. मोठं अक्षर, भिंग, उजेडाचा दिवा, सगळं करून पाहिलं. आत्यांनी पोथी उघडली, बोट फिरवलं आणि मिटून कपाळाला लावली.  ते पाहून मला दोन घास जाईनात.

तुम्ही म्हणाल, मग तूच का नाही वाचून दाखवलीस? दाखवली की. मी वाचायला बसले की दूध उतू जातं, कुरिअरवाला येतो, कुकरची तिसरी शिट्टी होते. दीड ओवीत तीनदा उठले. आत्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई. देवीला बी धाप लागंल."

मग मोबाईलवर लावायची? आमच्या इमारतीत मोबाईलला रेंज फक्त गॅलरीत, चपलांच्या मांडणीपाशी येते. आता पोथी काय चपलांशेजारी बसून ऐकायची?

नेमके त्याच सुमारास सोसायटीत दोन विक्रेते फिरत होते. उपग्रह रेडिओचे. एक छोटा डबा, गच्चीवर हातभर छत्री, टीव्हीची गरज नाही. एका कंपनीची छत्री लाल, दुसरीची निळी. आणि नवरात्रात दोन्हीकडे एकाच मठातलं, एकाच महाराजांचं, आत्यांच्याच पोथीचं पारायण, थेट. रोज नऊला. मला तर देवीनंच पाठवल्यासारखे वाटले दोघे. पाच मिनिटं बोलल्यावर हा गैरसमज दूर झाला.

लालवाला म्हणाला, "मॅडम, एफएम डोंगराआड गेलं की खरखर करतं. आमचं काश्मीर ते कन्याकुमारी सेम."

मी म्हटलं, "दादा, मला स्वयंपाकघर ते देवघर जायचंय."

निळावाला त्याहून वरचढ. "आमचे भक्तीचे पाच चॅनेल आहेत. त्यांचे तीनच." घेतल्यावर कळलं, पाचातले दोन पंजाबीत आणि एकावर दिवसभर मूळव्याधीच्या चूर्णाची महती. भक्ती ती हीच असेल तर असो.

आता पाहा, माझ्या जावेनं, नंदानं, पिंपळे गुरवला लाल छत्री बसवली. तिनं लाल घेतली म्हटल्यावर मी कुठली घेणार, हे काय सांगायला हवं?

बसवायला माणूस आला तेव्हाच माझ्या अकलेची पहिली चुणूक दिसली. त्यानं छत्रीचं तोंड केलं दक्षिणेला. मी म्हटलं, "अहो, दक्षिण यमाची दिशा. तिकडून देवीचा आवाज कसा आणता? पूर्वेला फिरवा."

"ताई, उपग्रह तिकडंच आहे."

"मग ऑफिसात सांगा, म्हणावं थोडा पूर्वेला घ्या."

त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की काय सांगू. संध्याकाळी ह्यांनी समजावलं. म्हणे, पृथ्वीच्या कमरेला विषुववृत्ताची रेघ, बरोबर तिच्यावर छत्तीस हजार किलोमीटर उंच हे उपग्रह. आपण त्या रेघेच्या उत्तरेला, म्हणून आपली सगळ्यांची छत्री दक्षिणेकडेच बघणार. पृथ्वी जेवढ्या वेळात स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तोही फिरतो, म्हणून एका जागी उभा दिसतो.

"दिसतो?"

"दिसत नाही."

"मग उभा आहे हे कशावरून?"

"छत्री रोज हलवावी लागत नाही यावरून."

मी म्हटलं, "म्हणजे ध्रुवासारखा."

"ध्रुव उत्तरेला असतो."

"मग हा दक्षिणेचा ध्रुव." हे पेपर उघडून बसले. पण माझं समाधान झालं होतं. मारुती दक्षिणमुखी चालतो, तर छत्री का नाही चालणार?

घट बसले. पहिल्या माळेला बरोबर नऊला डबा लावला आणि खणखणीत आवाजात पोथी सुरू झाली. आत्या घटासमोर पाटावर बसल्या, डोळे मिटून. ओठ हलत होते. मी पदरानं डोळे पुसले. म्हटलं, चला, व्रत राहिलं. नऊ दिवस हे असंच पार पडावं, बाकी काही नको.

बाकी काही नको म्हणणारी बाई दुसऱ्या दिवशी गॅलरीत चपलांपाशी उभी राहून जावेला फोन करत होती.

"नंदा, तुझं लाग‍लं का गं?"

"लागलं म्हणजे? ताई, ऐका." तिनं फोन डब्याला लावला. मीही फोन स्पीकरवर टाकून, हात लांब करून आमच्या हॉलकडे धरला. तिकडे महाराज "नमो देवी" म्हणून पुढे गेलेले, आमच्याकडे ते अजून श्वास घेत होते.

"ताई, तुमची देवी मागून येते वाटतं," नंदा म्हणाली. गोड आवाजात. तिचे टोमणे नेहमी साखरेत घोळलेले असतात.

संध्याकाळी मी ह्यांना घराच्या दारातच गाठलं. दोन्ही उपग्रह छत्तीस हजारांवर, मग आपला मागे का? ह्यांनी बूट काढता काढता सांगितलं. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, तो दोघांना सारखाच. बाकी उशीर डब्यात. आवाज म्हणे साडीसारखा घडी घालून पाठवतात, डबा ती घडी उलगडतो. आपला डबा सावकाश उलगडतो.

"म्हणजे आळशी आहे."

"व्यवस्थित आहे म्हण."

मी हे जसंच्या तसं नंदाला ऐकवलं. "तुमची लाल घाईघाईत उलगडते, म्हणून आवाज चुरगळलेला येतो." खरं तर तिचा आवाज छान येत होता. देवा, क्षमा कर.

मग रोजचा परिपाठ झाला. पोथी संपली की मी आत्यांपुढे हजर. नवरात्राआधी त्या आठ दिवस नंदाकडे राहून लाल ऐकून आल्या होत्या, तेव्हा त्यांच्याएवढा जाणकार पंच दुसरा कोण?

"आत्या, लाल बरी का निळी?"

"दोनी बऱ्या."

"तरी पण?"

"बाई, मला परसाद दे आधी."

अशा आठ माळा झाल्या. आली खंडेनवमी.

तुम्ही आमच्या पट्ट्यातले नसाल तर सांगते. इथे खंडेनवमीला ज्याला बटण आहे त्याला हार आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक कंपनीत मशीन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून पूजा होते. हे पहाटेच्या बसनं दोन डझन हार घेऊन गेले. घरी माझी यादी मोठी. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर, गिझर, कुकर. म्हटलं, आणि जिनं आठ दिवस घरात देवी आणली, तिला विसरायचं? मिक्सरला मान आणि छत्रीला नाही?

इथे एक कबुली द्यायला हवी. आदल्या दिवशी पाने-पकडी पुसताना ह्यांनी मला छत्रीचं काम नीट समजावून सांगितलं होतं. म्हणाले, इतक्या लांबून आवाज येतो की इथे पोचेपर्यंत डासाच्या गुणगुणीपेक्षा बारीक झालेला असतो. छत्री नुसती थाळी. ती सगळं वेचते आणि समोर दांडीवर जो ठोकळा आहे त्याच्या तोंडात टाकते. खरं ऐकतो तो ठोकळा.

झालं. एखादी अडाणी बाई असती तर तिनं छत्रीच्या कडेला हार अडकवून नमस्कार केला असता, आणि काहीही बिघडलं नसतं. पण मला ज्ञान झालेलं. मान कोणाचा? ऐकणाऱ्याचा.

साडेआठला मी गच्चीवर गेले. ठोकळ्याला हळदीचा लेप दिला, वर कुंकू. झेंडूचा तिपदरी हार घातला. गच्चीवर ऊन फार, फुलं सुकू नयेत म्हणून हार आधी बादलीत चांगला भिजवून घेतला. आणि नवमी आहे, देवीचाच आवाज आहे, म्हणून ओटीही भरली. जरीचा खण गुंडाळला आणि त्यावर, त्याच्या अगदी तोंडावर, शेंडीचा नारळ सुतळीनं बांधला. लांबून पाहिलं तर साक्षात मुखवटा दिसत होता. फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ज्याचा त्याला मान.'

नऊला पाच कमी असताना आत्या पाटावर बसल्या. शेवटचा अध्याय, मग समाप्ती. मी डबा लावला.

'सिग्नल नाही.'

बंद करून लावला. सिग्नल नाही. डब्याला हळदकुंकू वाहिलं होतंच, आता नमस्कार केला. सिग्नल नाही.

"आत्या, बसा तुम्ही, पाच मिनिटांत लागतं," म्हणत मी चपलांपाशी धावले.  आयुष्यभराचं व्रत आणि शेवटच्या अध्यायाला माझ्या हातून खंड? आणि भीती वाटली की मला राग येतो. मूळची मी शांत बाई, उपासानं आणखी शांत होते. पण तक्रारीच्या नंबरावरच्या माणसाला मी जे बोलले ते देवघराला ऐकू जाऊ नये म्हणून गॅलरीचं दार ओढून घेतलं होतं.

"मॅडम, आपल्या भागात पाऊस आहे का? पावसाच्या पाण्यात सिग्नल अडतो."

"लख्ख ऊन आहे."

"छत्रीसमोर काही अडथळा? झाड, भिंत, वाळत घातलेले कपडे?"

"कपडे? नवरात्रात? अहो, आमच्या छत्रीसमोर देवाशिवाय काही नाही."

शब्दशः खरं बोलले मी. एका अक्षराचं खोटं नाही.

"मग माणूस पाठवतो, मॅडम."

"माणूस काय करणार? तुमचा उपग्रह बघा आधी. पडला असेल. आठ दिवस चालतो आणि नवमीला पडतो, उपग्रह आहे का उधारीची सायकल?"

फोन ठेवते तोच नंदाचा आला. आवाजातली साखर गायब. "ताई, आमची लाल बंद पडली. तुमची?"

आता विचार करा. दोन कंपन्या, दोन उपग्रह, एक चऱ्होलीला, एक पिंपळे गुरवला, आणि एकाच सकाळी दोन्ही बंद. माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. हे वरचंच काहीतरी आहे. आकाशातच काही घडलंय. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'दोन्ही कंपन्यांचे उपग्रह बंद पडले आहेत. पारायण ऐकणाऱ्यांनी दुसरी सोय करावी.'

तिसऱ्या मजल्यावरच्या पवारकाकूंनी उत्तर दिलं, 'आमचा व्यवस्थित चालू आहे की हो.'

मी लिहिलं, 'टाकीत उरलेलं असेल. आपल्याकडे पाणी गेल्यावरही थोडा वेळ येतं.'

हो, हे मी लिहिलं. पन्नास फ्लॅटनी वाचलं. अजून कोणाच्या नळाला पाणी नसलं की जिन्यात कोणीतरी विचारतं, "काकू, उपग्रहात उरलंय का?"

पावणेदहाला कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचे शांत गृहस्थ, खांद्याला पिशवी. मी जिना चढता चढता त्यांना कंपनीच्या सात पिढ्यांबद्दल ऐकवलं. जाहिराती काय करता, पाच चॅनेल काय मोजता, एक पारायण धड पोचवता येत नाही. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. वर पोचले. छत्री पाहिली. थांबले. वाकून चपला काढल्या आणि छत्रीला हात जोडले.

मला वाटलं, वा, सज्जन माणूस.

"ताई, पूजा किती वाजता केली?"

"साडेआठला."

"आणि आवाज कधी गेला?"

"गेला कधी काय, नऊला लावला तो आलाच नाही."

"बरं." ते टाकीच्या सावलीत जाऊन उभे राहिले. काही करेनात. पिशवी उघडेनात.

"अहो, बघताय काय? सुरू करा ना."

"मी पूजेला हात लावत नाही, ताई. तुमची पूजा, तुम्हीच उतरवा." मग अगदी हळू म्हणाले, "छत्तीस हजार किलोमीटर येतो बिचारा. कुठं अडत नाही. शेवटच्या वितीवर तुम्ही नारळ आडवा बांधला. शिवाय जरीचा खण, ओला हार. पावसाच्या थेंबात अडतो तो, ह्यातनं कसा येईल?"

मी छत्रीकडे पाहिलं. नारळाच्या शेंडीकडे पाहिलं. तो साक्षात मुखवटा आता मला साक्षात माझ्यासारखा दिसायला लागला.

नारळ सोडला, खण काढला, हार उतरवला. त्यांनी फडकं मागून हळद पुसली. यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाले, "आला. जोरात आहे."

मी तिथूनच नंदाला फोन लावला. गच्चीवर रेंज चांगली येते. "नंदा, खरं सांग. छत्रीला हार घातलास?"

तिनं आधी घसा साफ केला. मग, "दोन."

"दोन?"

"तुमचा फोटो बघून, ताई. तुमच्यापेक्षा लहान कसा घालायचा? आणि नारळाऐवजी मी कलशच बांधला. तांब्याचा."

तेवढ्यात ह्यांचा फोन, कंपनीतली पूजा आटोपून. मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, आमच्याकडे हार काढल्याशिवाय मशीनचं बटण कोणी दाबत नाही. पहिला नियम आहे तो."

"हे कोणाला सांगू नका हं तिथे."

"सांगायला नको. स्पीकरवर आहेस."

मागे अख्खं मेंटेनन्स खातं खोकत होतं. खोकल्याची साथ अशी एकदम येत नाही, एवढं मलाही कळतं.

पण हसू यायला जागा नव्हती. सव्वादहा झाले होते, पारायण दहालाच संपतं. मी जिना उतरत खाली आले ती मनात एकच घेऊन. शेवटचा अध्याय गेला. डोळे गेल्यावर त्या माउलीचं एवढंच उरलं होतं, तेही मी नारळानं बुजवून टाकलं. काय तोंड दाखवू?

हॉलमध्ये डबा आपोआप लागला होता आणि त्यावर मूळव्याधीच्या चूर्णाची जाहिरात चालू होती. आत्या पाटावर होत्या. घटासमोर निरांजन लावलेलं. फुलं वाहिलेली. दुधाची वाटी ठेवून नैवेद्य दाखवलेला.

मी त्यांचे पाय धरले. "आत्या, चुकले मी. शेवटचा अध्याय राहिला."

"ऱ्हायला कुठं? झाला की मगाशीच. आरती बी झाली."

"झाला? कसा? डबा तर बंद होता."

"म्या म्हनला." त्यांनी डब्याच्या दिशेनं मान वळवली. "ते आदी बंद कर बाई, लई घान बोलतंय."

मी डबा बंद केला. "तुम्ही म्हटलात? पोथीशिवाय?"

"चाळीस-पंचेचाळीस वर्सं तीच पोथी वाचतीय. पाठ न्हाई व्हनार?"

"मग आठ दिवस हे सगळं... अहो आत्या, तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

"तू इचारलंस कवा? तू रोज येऊन येवढंच इचारायचीस, लाल बरी का निळी. म्हनलं, पोरगी येवढी धावतीय, घ्यावं ऐकून. त्यो म्हाराज मधीच थांबून जाहिरात लावायचा, तवर म्या माजं फुडचं म्हनून घ्यायची. आज मातर नीट झालं. मधी कुनी बोललं न्हाई, काई न्हाई."

ओठ हलत होते ना रोज? मी ते बघून आठ दिवस डोळे पुसत होते. भक्तीत तल्लीन झाल्या म्हणून. आणि त्या तर महाराजांच्या पुढे चालल्या होत्या.

एवढ्यात गॅलरीत ठेवलेला फोन वाजला, नंदाचा. मी तो स्पीकरवर टाकला आणि आत्यांना दाराशी आणलं. तिकडून नंदा रडकुंडीला येऊन विचारत होती, "आत्या, आम्हा दोघींचं चुकलं. पुढच्या वर्षी काय करू ते तुम्हीच सांगा. लाल ठेवू का निळी?"

आत्या फोनकडे वाकल्या.

"दोनी ठिवा," त्या म्हणाल्या. "अन् हार घाला. पर नवमीची वाट बघू नगा. पयल्या माळंलाच घाला."